दोनदा, मग एकदा

लाटांपासून वीज बनवणारं आमचं यंत्र समुद्रात उतरवताना दादा बुडाला. सापडलाच नाही. आज मी प्रयोगशाळेतली लाटांची टाकी रिकामी करून घेतली.

चाचणीआधी दादा माझ्या हातावर हात ठेवून टाकीतल्या छोट्या नमुना-यंत्राचा तरंगता फ्लोट दाबायचा. दोनदा, जरा थांबून एकदा. तेवढ्यानेही मीटरचा काटा हलायचा. "बघ, उठल्या बाईसाहेब!" म्हणायचा.

टाकी कोरडी झाली, तरी काटा हलला. दोनदा. मग एकदा.

"ताई, मीटरची वायर तर मी सकाळीच काढलीय," मेकॅनिक पुटपुटला.

मी टाकीत उतरले, फ्लोटवर हात ठेवला.

"दादा, पुरे आता."

हातावर गार, ओलं वजन आलं. त्याने हळूच दाबलं. दोनदा.

हात न काढता मी तिसऱ्याची वाट बघतेय.