गाईडमधलं उत्तर

छापखान्याचा माणूस बाहेरच्या खोलीत पंख्याखाली ताटकळत होता. "सर, एवढं एकच पान राहिलंय. तिकडे मशीन थांबलंय," तो पुन्हा म्हणाला.

आत आजोबांनी चष्मा कपाळावर चढवून डोळे चोळले. शाळेच्या इंग्रजीचं गाईड लिहून लिहून ते थकले होते. दरवर्षी त्याच कविता, तेच प्रश्न, तीच उत्तरं. बदलायचं ते फक्त मुखपृष्ठ.

नातीने चाचणीचा पेपर आणून प्रुफांवर आपटला. "शून्य! बाई म्हणाल्या, गाईड बघ. तुमचंच ना ते?"

कविता बंद दुकानाची होती. वडील गेल्यावर मुलगा किल्ली घेऊन दारात उभा राहतो, एवढीच. 'कवीला वडिलांची फार आठवण येते. वृत्त शेवटपर्यंत नियमित आहे,' असं गाईडमध्ये छापलेलं होतं. नातीने लिहिलं होतं, 'त्याला दुकान उघडायचंच नाही. सुटल्यासारखं वाटतंय, आणि त्याचीच लाज वाटतेय. म्हणून शेवटच्या ओळीत एक ठोका कमी आहे.'

आजोबांनी टेबलावर बोटाने ठोके देत ती ओळ म्हटली. पुन्हा म्हटली. शेवटचं बोट पडलं, तिथे शब्दच नव्हता.

"इतकी वर्षं शिकवली मी ही," ते पुटपुटले. "मला कसं ऐकू आलं नाही?"

"म्हणजे माझं बरोबर आहे?"

"माझं चुकलंय."

"मग बाईंना फोन करा ना! नाहीतर वार्षिक परीक्षेतही भोपळाच."

"माझं कोण ऐकतंय गं. छापलेलं असलं की ऐकतील."

त्यांनी पेन उघडलं. राहिलेल्या प्रुफाच्या पानावरचं आपलं उत्तर खोडलं आणि समासात तिचं उतरवलं, एकही शब्द न बदलता. पान बाहेर नेऊन दिलं आणि परत येऊन खुर्चीत टेकले. "झालं. आता कोणाची टाप आहे मार्क कापायची!"

छापखान्याचा माणूस घाईघाईने जिना उतरून गेला. नात खिडकीतून बघत राहिली.

"आता सगळी मुलं हेच पाठ करणार?"

"करणारच."

तिने टेबलावरचा आपला पेपर उचलला.

"आजोबा, मग मी काय लिहू?"