खालच्या कडेची सावली

छोटेलालच्या फ्रेमच्या दुकानात रुख्मासाठी स्टूल ठेवलेलं होतं, पण ती बसत नव्हती. दारापाशी जाई, पुन्हा आत येई आणि काउंटरवरच्या चित्राची खालची कड पाही.

चित्र काउंटरपाशीच उभ्या असलेल्या तिच्या नवऱ्याने काढलं होतं. केशोराव शाळेतून ड्रॉइंग मास्तर म्हणून रिटायर झालेले. चित्रात गोंदियाच्या बाजारातली उन्हाळ्याची सकाळ होती. आत जाणारा रस्ता, दोन्हीकडे दुकानं, वर सज्जे. खालच्या कडेला, अगदी पुढ्यात, रस्त्यावर एक निळसर लांब सावली.

नागपूरच्या प्रदर्शनासाठी चित्र न्यायला त्यांचा जुना विद्यार्थी बुद्धभूषण आला होता. लोडशेडिंगमुळे दुकानातला बल्ब बंद होता. बुद्धभूषणने चित्र दाराकडच्या उजेडात सरकवलं आणि डोळे किलकिले केले.

"सर, या सज्ज्यांना तुम्ही रंगच नाही लावला. कागद कोरा ठेवला, तोच ऊन झाला. अन् नजर कशी सरळ आत जाते पाहा." त्याने रस्त्यावरून हवेतच बोट नेलं. "फक्त ही सावली तिला अडवते. चित्रात ना माणूस, ना झाड. मग ही कोणाची? तुम्हीच शिकवलं होतं, ज्याचा धनी चित्रात नाही ते चित्रात ठेवू नका."

केशोराव खुशीत हसले. "लक्षात आहे तुझ्या! मग खालून दोन बोटं कापू. रचना मोकळी होईल."

"काऊन कापता?" रुख्मा म्हणाली.

"तुला नाही समजणार ते."

"सावली कोणाची आहे, मालूम आहे ना तुमाले?"

"छत्रीची. उन्हात रंग पसरायच्या आधीच सुकून राहिले होते. कागदावर छाया पाहिजे होती."

"आन् छत्री काय हवेत उभी होती? पायाले चटके बसून राहिले होते माह्या. म्हटलं, हात दुखून राहिला. तर तुमी म्हणाले, हलू नको, सावली हलते."

बुद्धभूषण पुन्हा चित्रावर वाकला. केशोरावांनी चष्मा काढला, धोतराच्या टोकाने पुसला, परत घातला.

"अवं, पण पाहणाऱ्याला हे कसं कळंन? लोक विचारतील, कोण आहे म्हणून."

"इचारू द्या ना."

केशोरावांनी एकदा सज्ज्यांवरच्या कोऱ्या कागदाकडे पाहिलं, एकदा विद्यार्थ्याकडे.

"काट, छोटेलाल."

छोटेलालने स्टीलची पट्टी चित्रावर ठेवली, अंगठ्याने दाबली, कटर उचललं. तेवढ्यात पट्टी दिसेनाशी झाली. त्याने वर पाहिलं.

रुख्मा दारात जाऊन उभी होती. कलतं ऊन तिच्या पाठीवर होतं आणि तिची सावली काउंटरवर चढून चित्रावर पसरली होती, खालच्या कडेपासून पार वरच्या सज्ज्यांपर्यंत.

"काकी, जरा बाजू हो जाओ ना. उजाला रुक रहा है."

रुख्मा हलली नाही.