खरखर

रिसीव्हरच्या पडद्यावर दोन्ही पट्ट्या अगदी सारख्या उंचीच्या होत्या, तरी प्रकाशाच्या तारेतून येणारा संदेश चुकतच होता. नवी इंजिनिअर रडकुंडीला आली, तेव्हा तिच्या वरिष्ठ बाईंनी पट्ट्यांचा तोल आपोआप साधणारी दुरुस्ती बंद केली. डावी पट्टी धपकन तळाला गेली.

“बघ, संदेश दोन वाटांनी उतरतो. त्यातली डावी कधीच मेलीय. दुरुस्ती बिचारी तिथली नुसती खरखर फुगवून तिला उजवीच्या बरोबरीला आणत होती.”

“आणि आपण फसलो!”

“म्हणून अधूनमधून दुरुस्ती बंद करून बघायचं. धीर लागतो त्याला.”

जेवणाच्या सुट्टीत बाईंना आईचा फोन आला. “तुझे बाबा विचारताहेत, जेवलीस का? मी म्हटलं, ती काय कुकुलं बाळ आहे? तर माझ्यावरच खेकसले!”

रोज स्वतःचं आणि बाबांचं, दोघांचं बोलणं आईच बोलायची. आज हे थांबवायचंच, असं ठरवून बाई म्हणाल्या, “आई, बाबांनाच दे बरं फोन.”



आईने लगेच दिला, आणि चार महिन्यांपूर्वी वारलेल्या बाबांची खरखर बाई कितीतरी वेळ ऐकत राहिल्या, मध्येमध्ये ‘हं, हं’ करत.