खर्च कोणाचा?

पूजेला बसताना गुरुजी आधी गोत्र विचारतात, तसं निष्कर्षयंत्रानं आधी विचारलं, "या चाचणीचा खर्च कोणाचा?"

डॉ. हेमांगी ठोंबरेंनी औषध कंपनीचं नाव सांगितलं. सांधेदुखीच्या नव्या गोळीची चाचणी होती. ती गोळी घेणाऱ्या सुभद्राबाई समोर बसल्या होत्या. त्यांचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते.

यंत्र म्हणालं, "रुग्ण बरी आहे. पिवळेपणा वयामुळे. गोळी चालू ठेवा."

डॉक्टरांनी दार लावून घेतलं. रक्ताचे तेच अहवाल यंत्राला पुन्हा दिले आणि या वेळी प्रतिस्पर्धी कंपनीचं नाव सांगितलं.

"गोळीमुळे यकृत निकामी होतंय. आजच दाखल करा."

"आणि खर्च कोणाचाच नसेल तर?" डॉक्टरांचा आवाज चढला.

"तर निष्कर्ष नाही."

सुभद्राबाई सगळं ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "मग त्या दुसऱ्या कंपनीचंच नाव राहू द्या की, डॉक्टरीणबाई. तिला तरी मी आजारी दिसते."

"तिनं पैसे भरलेले नाहीत, मावशी. ज्यानं भरले, त्याच्याच नावाचा निष्कर्ष कायद्याला चालतो. त्याशिवाय कुठलंच हॉस्पिटल तुम्हाला दाखल करून घेणार नाही. गोळी तेवढी आजपासून बंद करा."

"बंद करून आता बरं वाटेल?"

डॉक्टरांनी रक्ताचे अहवाल त्यांच्या हातात ठेवले. सुभद्राबाईंनी पिशवी उचलली. दाराशी पोचल्यावर त्या वळल्या.

"घरी काय सांगू मग? बरी आहे म्हणून?"

यंत्रच म्हणालं, "हो."