शुद्ध आवाज

कॉम्प्युटरपासून स्टिरिओपर्यंत गेलेली नवी केबल विद्याधरने जमलेल्या मित्रांना दाखवली. "यात तांब्याची तार नाहीच! आवाज उजेड होऊन जातो. एकदम शुद्ध!"

त्याची बायको उज्ज्वला पोह्यांच्या बशा मांडत होती. लग्नाआधी ती रेडिओवर गायली होती. त्या गाण्याची एकुलती एक कॅसेट विद्याधरने क्रिकेटची कॉमेंट्री भरून पुसून टाकली होती. ती रडली, तेव्हा म्हणाला, "नुसती घरघर होती त्यात. तुला काय कळतंय आवाजातलं?" त्याला तीस वर्षं झाली. ती काही विसरली नव्हती.

विद्याधरने ऐटीत बटण दाबलं. आवाज नाही. सकाळी तर घर दणाणलं होतं! सगळी सेटिंग्ज बदलून झाली, तसा तो घामाघूम होऊन टेबलाखाली शिरला. मित्र घड्याळाकडे बघू लागले.

"अहो, मी बघू का?" एवढी एक संधी त्याला द्यायचं तिने ठरवलंच होतं.

"तू चहाचं बघ!" तो खालूनच खेकसला. "तुला काय कळतंय यातलं?"

"तेही खरंच. आज तर घरघरसुद्धा नाही."

चहा घेताना एका मित्राची बायको हळूच म्हणाली, "वहिनी, टिकली पडली वाटतं तुमची."

उज्ज्वलाने मोकळ्या कपाळावरून बोट फिरवलं. दुपारी तो घोरत पडला असताना तिने ती केबलच्या टोकावर, जिथून उजेड जातो नेमकी तिथे, दाबून चिकटवली होती.

"पडली नाही हो," ती म्हणाली, "लावलीये."