दगडातला नवस

"एकदाच ऐकता येईल हं, मावशी," तंत्रज्ञ मिन्हो म्हणाला.

कोरियातल्या ग्योंगजू शहराच्या जुन्या स्तूपाच्या दगडात आवाज मुरलेले होते, पण यंत्राने वाचलेला थर कायमचा पुसला जाई. हजार वर्षांपूर्वी इथे नवस बोललेल्या राणीच्या आवाजापर्यंत पोचायचं, तर वरचे सगळे थर जाणारच होते.

सगळ्यात वरच्या थरात या मावशीच्या, सुनोकच्या, लेकीचा आवाज होता. स्तूपाला फेऱ्या घालताना मागितलेलं कुणाला सांगायचं नसतं, म्हणून बोरामने आईलाही सांगितलं नव्हतं. त्याच हिवाळ्यात पोर खोकून खोकून गेली.

सुनोकने यंत्र कानाला लावलं.

"आईचा खोकला मला दे. तिला बरं कर."

मग नुसती खरखर.

"पुढचा थर घेऊ?" मिन्होने विचारलं.

सुनोकने खोकून पाहिलं. बोराम गेल्यापासून तिला एकदाही खोकला आला नव्हता.