नाही म्हणणारं कोणी

सेल्समध्ये असताना कंपनीने हेरंबच्या घशात बसवलेलं यंत्र आता काढता येणार नव्हतं. त्याचा आवाज कानावर पडला की समोरच्याला नाही म्हणताच येत नसे, अगदी बायकोलाही. म्हणून तो नोकरी सोडून वेबसाइट बनवायला शिकत होता. त्या कामात फारसं बोलावं लागत नाही.

पहिली वेबसाइट त्याने मुकाट्याने शिकवणाऱ्या कारखानीस मॅडमपुढे ठेवली आणि कागदावर लिहिलं, 'खरं सांगा.'

मॅडमच्या कपाळाला आठ्या पडल्या. "एकही बटण चालत नाही. पुन्हा करा."

किती वर्षांनी हे ऐकत होता तो! हसू फुटलं आणि भान सुटलं. "एखादं तरी चालत असेल की, मॅडम!"

"हो हो," स्क्रीनकडे न बघताच त्या म्हणाल्या, "सगळीच चालताहेत. फार छान केलंय तुम्ही."